मास्तरांची मोटार, शिवेपर्यंत

वासू मास्तरांनी मोटार ठरवली ही बातमी गुंद गावात मास्तरांच्या आधी पोचली. मास्तर बेळगावाहून लोंढ्यापर्यंत आगगाडीने, तिथून सुप्यापर्यंत लाकडं वाहणाऱ्या बैलगाडीने आणि पुढे स्वतःच्या दोन पायांनी असे तिसऱ्या दिवशी गावच्या ओढ्यापाशी आले, तर म्हशी धूत असलेल्या लखूने रामराम करायच्या आधीच विचारलं, "मास्तर, मोटार काळी का तांबडी?"

"काळी," मास्तर ठासून म्हणाले. खरं तर मोटारवाल्याने तिचं वय आणि अंगावरचा पोचा सांगितला होता, पण रंग त्यांनी विचारलाच नव्हता. पण शाळामास्तराने एकदा 'माहीत नाही' म्हटलं की गावात त्याचं पुढे काही खरं नसतं.

"मग बरं. काळ्याला दिष्ट लागत न्हाई," लखू म्हणाला आणि म्हशीकडे वळला.

एकोणीसशे सव्वीस सालची ही गोष्ट. तोवर गुंदमध्ये मोटार कुणी पाहिली नव्हती, आणि ती पाहायची गरजही कुणाला वाटली नव्हती. मास्तरांनाही वाटली नसती. पण त्यांची एकुलती लेक केशर घाटाखाली, पोर्तुगीज हद्दीत दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर ऐन वेळी पावसाने घाट बंद केला आणि ते सासरीच उरकलं. मुलगी झाली. मास्तरांच्या बायकोने, ताराबाईंनी, चार महिने नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. आता व्याही नागूशेटांचं पत्र आलं होतं की मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी दिवेलागणीला बारसं आहे, तरी पाळणा घेऊन यावं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. 'आपणांस वेळेत पोचणे न जमल्यास शेजारचा पाळणा मागून आणू, काळजी नसावी.'

त्या ओळीने ताराबाईंची झोप उडाली. शिवणीच्या लाकडाचा तो पाळणा त्यांच्या वडलांनी स्वतः तासला होता. त्यात त्या झोपल्या, मग केशर झोपली.

"माझ्या केशरची लेक शेजारणीच्या पाळण्यात? मी जिवंत असताना?" त्या म्हणाल्या. "डोक्यावर घेऊन चालत जाईन, पण दिव्याच्या आधी हा पाळणा तिथं टांगीन."

'चालत' हा शब्द मास्तरांना लागला. केशरच्या लग्नात वऱ्हाड पोचायला उशीर झाला, तेव्हा नागूशेट भर पंगतीत म्हणाले होते, "रानातली माणसं ती. चालत येणार. पोचली की पोचली म्हणायचं." सगळी पंगत हसली. एकाला तर हसताना कढीचा ठसका लागला. त्या दिवसापासून मास्तरांना कढी गोड लागत नव्हती. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं की या खेपेला जायचं ते मोटारीने, आणि थेट नागूशेटांच्या अंगणात जाऊन भोंगा वाजवायचा. पाळण्याचं काय ते त्यातच आलं.

बेळगावाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत जाहीर केलं की आपण युरोप खंडात जात आहोत. घाटाखाली पोर्तुगालचं राज्य, पोर्तुगाल युरोपात, तेव्हा यात खोटं काही नव्हतं. मुलांना तो देश दाखवावा म्हणून त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवली, तर स्पेनच्या पलीकडे वाळवीने खाल्लेलं भोक होतं. "या भोकात," मास्तर म्हणाले. मुलांनी भोक डोळे भरून पाहिलं.

गावावर मात्र युरोपचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही.

"तिकडं व्हय?" पायी टपाल वाहणाऱ्या पोस्टाच्या रनरची बायको इंदुबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "आमचं मालक दर साली जात्यात की. मीठ आणाय."

विद्वत्तेची कदर नसलेल्या गावात वीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसायची सवय असते.

आता आमच्या या मुलखात एक जुनी रीत आहे, ती आधी सांगायला हवी. प्रत्येक गावच्या शिवेवर एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. पायी जाणाऱ्याला तो काही विचारत नाही, डोक्यावरच्या ओझ्यालाही नाही. पण चाकाची वस्तू पहिल्यांदा त्याच्या शिवेवरून न्यायची, तर त्याला नारळ द्यावा लागतो. कारण चाक जमिनीवर रेघ ओढतं, आणि आपल्या जमिनीवर दुसऱ्याने रेघ ओढलेली कुठल्याच राखणदाराला खपत नाही. लाकडाच्या गाडीवाल्यांपासून सगळे हे पाळतात. मास्तरांनी बैलगाडीचे असे नारळ कैक वेळा फोडले होते. परदेशात जाणाऱ्या मोटारीचा प्रश्न मात्र नवा होता, म्हणून गावचे वडीलधारे परशू गावकर यांनी देवळात कौल लावला. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

बराच वेळ काहीच पडलं नाही. देवालाही मोटार म्हणजे काय हे समजून घ्यायला वेळ लागत असावा. मग उजवी पडली.

"जा म्हणतोय," परशू गावकर म्हणाले. "आपल्या बाजूच्या राखणदारांस्नी मी हितनंच सांगतो, एका नारळात भागंल. पण घाटाच्या पल्याडचे परके. तितं दर शिवंला एक नारळ पायजे. आणि त्यो आपल्या झाडाचा. त्येंच्याच गावचा नारळ त्येंस्नी देऊन भागायचं न्हाई."

"शिवा किती आहेत पलीकडे?" मास्तरांनी विचारलं.

ते फक्त इंदुबाईच्या नवऱ्याला, झिलूला ठाऊक होतं. झिलू पन्नाशीचा, काटक. दर साली तांदूळ घेऊन घाट उतरायचा आणि मीठ घेऊन चढायचा. सलग आठ संध्याकाळी मास्तरांनी त्याला ओटीवर बसवलं आणि तो सांगेल तसा नकाशा काढला. प्रत्येक शिवेवर लाल शाईचा ठिपका दिला. वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'पोर्तुगाल मुलखातील शिवा, वासुदेव मास्तर, मराठी शाळा, गुंद'. नकाशा इतका सुरेख उतरला की तो पाहून मास्तरांना स्वतःविषयीच आदर वाटू लागला.

इंदुबाई म्हणाली, मोटारीला काळा दोरा बांधा. लखू म्हणाला, दोरा नको, जुनी चप्पल बांधा. मास्तरांनी दोन्ही बांधायचं कबूल केलं, कारण नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता.

राहिला परवाना. भाड्याची मोटार सरहद्दीपलीकडे न्यायची तर काय कागद लागतो हे विचारायला मास्तर तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज तीनदा वाचला.

"मोटार बाहेर नेण्याचा फॉर्म आमच्याकडे नाही," तो म्हणाला.

"मग?"

"गुरं बाहेर नेण्याचा आहे."

"पण ही मोटार आहे."

"ती इथून जाणार, परत येणार. गुरं तेच करतात." कारकून समजूतदार होता. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि विचारत विचारत भरला. जनावर, एक नग. रंग काळा. वय तीन वर्षे. पाय चार. शिंगे एक. अंगावरील खूण, डाव्या बाजूस पोचा. शिक्का मारून त्याने कागद दिला आणि बजावलं की जनावर वाटेत दगावल्यास कचेरी जबाबदार नाही.

बुधवारी संध्याकाळी मोटार गावात आली. ती तांबडी होती. मास्तरांनी लखूची नजर चुकवली. मोटारवाला गुणा बेळगावचा, गोल चेहऱ्याचा, बोलण्यात गोड आणि खाण्यात जबर. आल्या आल्या त्याने तीन भाकऱ्या संपवल्या आणि म्हणाला, "अक्का, मोटारीचं मी बगतो. माझ्या जेवणाचं तुमी बगा. बाकी काय काळजी करू नका की ओ."

गुरुवारी पहाटे निघाले. मागच्या बाकावर पाळणा, त्यात गोणपाटावर पंचवीस नारळ, वर धुळीसाठी ताराबाईंचं जुनं लुगडं पांघरलेलं. ताराबाईंच्या मांडीवर एक वेगळा नारळ होता. तो केशरची ओटी भरायला परसातल्या माडाचा काढलेला, शेंडीला हळद लावलेली. पुढे गुणाशेजारी काळा कोट घातलेले मास्तर, आणि पायरीवर उकिडवा झिलू. झिलूला पहिल्याच वळणावर ओकारी झाली आणि ती घाटमाथ्यापर्यंत चालू राहिली. मास्तर मात्र खुशीत होते. सुप्याच्या बाजारातून जाताना त्यांनी उगाचच गुणाला दोनदा भोंगा वाजवायला लावला.

दहाच्या सुमारास पोर्तुगीज नाका आला. दांड्यावर निशाण, कौलारू चौकी, आणि आडवा बांबू. चौकीतून कारकून बाहेर आला. त्याचं नाव कायतान. खाली गोव्यातला, कोंकणी बोलणारा, चेहऱ्याने भला माणूस. त्याने कागद मागितला. मास्तरांनी ऐटीत दिला.

कायतानने तो वाचला. मोटारीला एक फेरी मारली. मग खाली वाकून तिच्या पोटाखाली पाहिलं.

"जनावर खंय?" त्याने विचारलं.

"हेच ते," मास्तर मोटारीकडे बोट करून म्हणाले.

"हांगां काळें म्हणून बरयलां. ही तांबडी."

झिलू म्हणाला, "धूळ बसली, सायब." पण ती समजूत कुणालाच पटली नाही, खुद्द झिलूलाही नाही.

इतक्यात कायतानला पाळणा दिसला. त्याचा चेहरा निवळला. "भुरगें न्हिदलां?" असं हळू आवाजात विचारत त्याने लुगड्याचा पदर अलगद वर केला. आत बाळ नव्हतं. पंचवीस शेंड्या त्याच्याकडे बघत होत्या.

गोव्यात नारळ घेऊन जाणारा माणूस त्या नाक्याने आजवर पाहिला नव्हता. तिथून नारळ वर येतात, खाली कधी जात नाहीत. आणि हे तर पाळण्यात निजवून, वर पांघरूण घालून आणलेले. कायतान आत धावला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब खरा पोर्तुगीज होता. पिवळाफटक, अंगावर घोंगडी, डिसेंबरच्या उन्हात दात वाजत होते. दर तिसऱ्या दिवशी त्याला हीव भरत असे आणि आज तो तिसरा दिवस होता.

"नारळ कशाला, विचारता," कायतान म्हणाला.

मास्तर खाकरले आणि समजावून सांगू लागले. तोंडी सांगून नीट कळेना, तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून नकाशा काढला. ती त्यांची चूक झाली. साहेबाने नकाशा पाहिला, लाल ठिपके पाहिले, आणि त्याचं हीवच थांबलं. तो भराभरा काहीतरी बोलला.

"सायब म्हणता, तूं इंग्रेजांचो मोजणीदार," कायतान दबक्या आवाजात म्हणाला. "आमच्यो शिमो मेजूंक आयला. दर ठिपक्याचेर खूण करूंक नारळ हाडल्यात."

खरं सांगायचं तर मास्तरांची छाती जराशी फुगली. वीस वर्षांत त्यांचा नकाशा इतक्या गांभीर्याने कुणीच पाहिला नव्हता. त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी मान खाली घालून 'होय, मीच काढला' असं विनयाने कबूल केलं असतं.

बांबू आडवाच राहिला. नकाशा आत गेला. मोटारीतली गादी उपसून झाली, गुणाच्या डब्यातली भाकरी मोडून तपासली गेली. त्याचं त्याला फार दुःख झालं. ऊन डोक्यावर आलं. ताराबाई बांबूकडे बघत बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले पाहून मास्तरांची फुगलेली छाती खाली बसली. आपल्या ऐटीपायी ही वेळ आली, हे त्यांना कळत होतं. कालच चालत निघालो असतो तर एव्हाना निम्मा घाट उतरलो असतो.

झिलू तोवर चौकीच्या मागे जाऊन आला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्येनी चौकी बांधलीया ती राखणदाराच्या पायरीवरच की. धोंडा मागं निवडुंगात पडलाय. कुणी कवा नारळ दिल्याला दिसत न्हाई."

कायतानने हे ऐकलं आणि छातीवर क्रूस केला. तो कितीही चर्चमध्ये मिस्सेला जात असला तरी राखणदार काय चीज आहे हे त्याला आजीकडून ठाऊक होतं. "हांव सांगतालों!" तो म्हणाला. "आदलो सायब हिवान गेलो. त्या पयलींचोय. हो तिसरो!" आधीचे दोन साहेब असे हिवाने दगावल्याची आठवण देऊन तो आत गेला. बराच वेळ दोन्ही भाषांतला आवाज आला. साहेबाकडचं क्विनाईन संपलं होतं आणि नवं महिनाभर येणार नव्हतं. अशा वेळी माणूस धर्माच्या बाबतीत फार ताणत नाही.

निवडुंग तोडला. धोंडा धुतला. झिलूने पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, तुज्या पायरीवर घर बांदलं, त्ये न कळून बांदलं. लेकरं तुजीच हाईत. पाव्हणा हाय, लांबचा हाय, त्येला तुजी रीत ठावं न्हाई. त्येचं हीव घे, आमची वाट दे!"

"व्हय!" सगळे म्हणाले. कायतान म्हणाला, दोन शिपाई म्हणाले. साहेबाला वाटलं हे आमेनसारखं काही असेल, म्हणून तोही म्हणाला, "व्हय!"

नारळ फुटला. योगायोग म्हणा, राखणदार म्हणा, नाहीतर हिवाची पाळी तेवढीच होती म्हणा, घटकाभरात साहेबाला घाम सुटला आणि अंग हलकं झालं. मग तो ऐकेना. चौकीच्या चारी कोपऱ्यांना एकेक नारळ फोडून घेतला. बांबू वर झाला. नकाशा मात्र त्याने परत दिला नाही. तो पुराव्यासाठी ठेवला म्हणे. तो कुठल्याशा फडताळात अजून असेल, ही मास्तरांची पुढे जन्मभर समजूत होती, आणि ती त्यांना सुखाची होती.

नकाशा गेल्यामुळे आता सगळी भिस्त झिलूवर. मोटार सुटली तसा तो ओरडला, "थांबा, थांबा! शीव गेली वाटतं."

"वाटतं म्हणजे?" मास्तर म्हणाले. "तुला पाठ आहेत ना?"

"पायाला पाठ हाईत, मास्तर. बसून जाताना कसं कळंल? झाडं नुस्ती पळाय लागल्यात." मोटार मागे आणली, शीव सापडली. दुसऱ्या शिवेलाही तेच झालं. तेव्हा झिलू पायरीवरून उतरला, काठी घेतली आणि मोटारीपुढे चालू लागला. "या माज्या मागनं," तो म्हणाला.

अशा रीतीने वासू मास्तरांनी युरोपातला प्रवास मोटारीने, एका माणसाच्या मागून, त्याच्या पावलांनी केला. झिलू चाले, मोटार गुरगुरत मागे येई. झिलू थांबे, मोटार थांबे. नारळ फुटे. झिलूला पायात काटा रुतला तेव्हा मोटार काटा निघेपर्यंत थांबली. खालून येणारे मिठाचे बैलवाले कडेला उभे राहून बघत आणि झिलूला ओळखून विचारत, "काय रे झिलू, विकाय नेतोस व्हय ही?" शेवटी एक म्हातारी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन मागून आली आणि मोटारीला मागे टाकून पुढे निघून गेली. मास्तरांनी टोपी कपाळावर ओढून घेतली.

घाट उतरून सपाटीला लागतात तोच मोटारीच्या नाकातून वाफ निघाली.

"सगळा दिस पयल्या गेरात चालवली की ओ," गुणा हळहळला. "तहान लागली तिला. पाणी पायजे."

ओहोळ कोरडा पडलेला. गाव कोसभर लांब. सगळ्यांची नजर एकदमच नारळांकडे गेली.

"त्ये देवाचं हाय," झिलू म्हणाला.

"देवाचंच आहे, पण मोटार नाही चालली तर देवाला द्यायचं कसं?" मास्तरांनी बिनतोड मुद्दा काढला. झिलूला मुद्दा पटला, पण मुद्दा पटला म्हणून देवाच्या वस्तूला हात लावायचा नसतो. त्याने कौल लावायचं ठरवलं. रस्त्याकडेची रानफुलं तोडली, दोन पाकळ्या थुंकीने ओल्या केल्या आणि मोटारीच्या तापलेल्या नाकावर, झाकणाच्या उजवी-डावीकडे चिकटवल्या. गाऱ्हाण्याचा पहिला शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच झाकणाखालून वाफेचा फवारा आला आणि उजवी पाकळी थेट झिलूच्या मिशीवर उडाली. इतका तातडीचा कौल त्याने जन्मात पाहिला नव्हता. "घ्या, घ्या! लई घाई हाय त्येला!" तो म्हणाला.

मोटार एकापाठोपाठ एक नारळाचं पाणी प्यायली. खोबरं गुणाने खाल्लं. मोटार पुन्हा सुरू झाली ती अंगाला गोड वास घेऊन, आणि तेव्हापासून मधमाशांचं एक लहानसं मोहोळच पाठीमागे लागलं. झिलूने उरलेले नारळ पाहिले, बोटं मोजली आणि सांगितलं की लहानसहान राखणदारांना अर्ध्या अर्ध्या नारळावर भागवू, जमेल. ताराबाई मावळतीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जरा लवकर चल रे, झिलू." झिलूने पाय उचलला. साठ वर्षांच्या माणसासारखं वाकून तो चालला होता, पण थांबला नाही.

शेवटची शीव आली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सातविणीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला धोंडा. समोर केशरचं गाव. पोफळींच्या आड वाट वळत होती आणि त्या वळणापलीकडे नागूशेटांचं अंगण होतं. झिलूने पाळण्यात हात घातला. गोणपाट झटकलं. पाळणा उलटा केला.

"एक कमी पडला," तो म्हणाला.

मग मास्तरांची नजर हळूच ताराबाईंच्या मांडीकडे गेली. ताराबाईंनी हळद लावलेल्या नारळावर दोन्ही हात ठेवले.

"हा ओटीचा," त्या म्हणाल्या.

"अगं, ओटीला गोव्यात दुसरा मिळेल. इथं माडांना काय तोटा?"

"माझ्या परसातला न्हाई मिळायचा. पहिल्या बाळंतपणाची ओटी आहे माझ्या लेकीची."

"मी म्हणतो तसंच नेऊ की मोटार," गुणा म्हणाला. "कोण बगतंय?"

झिलू मोटारीच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसला.

तेव्हा ताराबाई खाली उतरल्या. लुगडं झटकलं, नारळ पदरात घट्ट धरला.

"चाकाला नारळ ना?" त्या म्हणाल्या. "पायाला न्हाई. मोटार राहू दे हितं. मी चालत जाते."

मास्तर मोटारीकडे बघत राहिले. महिनाभर रोज रात्री त्यांनी डोळे मिटून एकच गोष्ट पाहिली होती. मोटार अंगणात शिरते, भोंगा वाजतो, नागूशेट हातातलं पान टाकून धावत बाहेर येतात. आता मोटार होती, अंगण होतं, नागूशेट होते, आणि मध्ये एक नारळ होता. त्यांच्या तोंडात लग्नातल्या कढीची चव आली. मग त्यांनी ताराबाईंकडे पाहिलं. त्या केव्हाच दहा पावलं पुढे गेल्या होत्या आणि पावलागणिक चाल वाढत होती. मास्तरांनी काळा कोट काढून गुणाकडे दिला, टोपीवर चुंबळ केली आणि शिवणीचा पाळणा डोक्यावर घेतला.

"माझं जेवण इसरू नका ओ!" गुणा मागून ओरडला. "इसरलात तर भोंगा वाजवीन!"

नागूशेटांच्या अंगणात शेजारचा पाळणा टांगून झाला होता. फुलं बांधून झाली होती. समईत वाती घातल्या होत्या, फक्त काडी लावायची राहिली होती. केशर बाळाला घेऊन दारात उभी होती. आई वळणावर दिसताच ती पायरी उतरून धावली.

"आई गं, मला वाटलं तू येत न्हाईस!"

"येत न्हाई म्हणजे? अशी कशी येत न्हाई?" ताराबाईंनी बाळाला घेतलं आणि नातीच्या कपाळाला गाल लावून त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. चार महिन्यांचं सगळं त्या एका मिनिटात बाहेर आलं. मास्तरांचेही डोळे पाझरले, पण डोक्यावर पाळणा असल्यामुळे त्यांना ते पुसता येईनात.

नागूशेट ओसरीवरून बघत होते. व्याह्यांच्या अंगावर गुडघाभर धूळ, सदरा घामाने भिजलेला, डोक्यावर पाळणा. त्यांच्या मागून काठी टेकत एक थकलेला म्हातारा. वाहन नाही, गाडी नाही, बैल नाही.

"व्याही," नागूशेट म्हणाले. "घाट उतरून? पाळणा डोक्यावर घेऊन? चालत?"

"नाही, म्हणजे आम्ही मो..." मास्तर सांगू लागले. ताराबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांचा पाय दिवसभर मोटारीत बसलेला, ताजा होता. मास्तरांचं वाक्य तिथेच संपलं.

नागूशेट पायऱ्या उतरून आले. त्यांनी स्वतःच्या हातांनी मास्तरांच्या डोक्यावरचा पाळणा उतरवला. "लग्नात मी पंगतीत बोललो ते माझ्या ध्यानात आहे," ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. "माझ्या जिभेला हाड नाही. नातीसाठी एवढी वाट तुडवणारी माणसं माझ्या सात पिढ्यांत झाली नाहीत. अरे, तो शेजारचा पाळणा सोडा आधी!"

शिवणीचा पाळणा टांगला गेला. समईला काडी लागली. ताराबाईंनी केशरची ओटी भरली, नातीला पाळण्यात घातलं आणि दोरीला हात लावला. बायकांनी पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं, तोच शिवेकडून, पोफळींच्या काळोखातून आवाज आला.

"पों! पों! पोंऽऽ!"

त्या गावाने असला आवाज कधी ऐकला नव्हता.

"हे काय?" नागूशेटांनी विचारलं.

मास्तर उत्तर जुळवू लागले. तेवढ्यात झिलू ओसरीच्या कोपऱ्यातून शांतपणे म्हणाला, "राखणदार हाय. भुकेजलाय. नारळ मिळाला न्हाई त्येला. आणि नारळावर भागायचं न्हाई त्येचं, पाच-सात भाकऱ्या आणि कायतरी कालवण द्या, मी पोचवून येतो."

नागूशेटांनी शिवेकडे तोंड करून हात जोडले आणि आत वळून हुकूम सोडला की पहिलं पान राखणदाराचं वाढा, आणि त्यात कढीही घाला.

"कढी मलाही वाढा," मास्तर म्हणाले.